विश्लेषण : बंदुकीच्या टेकूपासून दुर्बिणीच्या ट्रायपॉडपर्यंत... सलीम अलींनी पक्षी पाहण्याची रीत कशी बदलली?

हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी पहाटेच्या कसारा लोकलमधून आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरणाऱ्यांत खांद्यावर लांबट, घडीची वस्तू घेतलेले दोघे-तिघे अनेकदा दिसतात. लांबून ती बंदूक वाटते. जवळून पाहिले की कळते, तो दुर्बिणीचा ट्रायपॉड आहे. शहापूर-मुरबाडच्या रानात एकेकाळी लांबट वस्तू खांद्यावर घेऊन येणारा माणूस बहुधा शिकारीच असे. आज तो बहुधा पक्षी पाहायला आलेला असतो. हा बदल देशभर ज्यांच्यामुळे रुजला त्यांत पहिले नाव डॉ. सलीम अली यांचे. मात्र त्यांची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती आणि ती बंदूक त्यांनी सहजासहजी खाली ठेवली नाही. टेकू, तिपाई आणि नेम यांच्या अंगाने या पक्षितज्ज्ञाच्या आयुष्याकडे पाहिल्यास काय दिसते?

बंदुकीला किंवा दुर्बिणीला टेकू लागतोच कशाला?

माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वास, नाडी आणि स्नायूंचा ताण यांमुळे तो सतत सूक्ष्म हलत असतो. रायफलीची नळी एका अंशाने जरी चुकली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे पावणेदोन मीटर बाजूला जाते. म्हणून रायफलीच्या पुढच्या भागाला दोन पायांचा बायपॉड लावतात. त्याचा तिसरा पाय म्हणजे नेमबाजाचा खांदा. पूर्वी हेच काम झाडाची फांदी, बांधाचा दगड किंवा दुबेळक्याची काठी करी. आफ्रिकेतील सफारींमध्ये तीन काठ्या वरच्या बाजूला बांधून केलेले तिकाटणे वापरत. आजचे शिकारी ट्रायपॉड ही त्याचीच ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबरची आवृत्ती.

दुर्बिणीचे गणितही हेच. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताची थरथरही आठपट मोठी करते. आठ-दहा पटींपर्यंत हात निभावून नेतो. वीस ते साठ पट मोठे दाखवणारा ‘स्पॉटिंग स्कोप’ मात्र हातात धरला तर पक्ष्याऐवजी नुसता हिरवा-तपकिरी गोंधळ दिसतो. त्याला तीन पाय हवेतच.

आता प्रश्न वजनाचा. आठपटीची नेहमीची दुर्बीण ६०० ते ८०० ग्रॅमची असते. स्कोप साधारण एक ते दोन किलोचा आणि त्याखालचा ट्रायपॉड आणखी दीड-दोन किलोचा. पाणी, डबा, कॅमेरा मिळून माहुलीच्या चढणीवर हा भार खांद्याला चांगलाच जाणवतो. त्यामुळे कार्बन फायबरच्या पायांना मागणी आहे. तेवढ्याच ताकदीच्या ॲल्युमिनियमच्या पायांपेक्षा ते हलके असतात आणि कंपनेही लवकर शमवतात. दर मात्र बराच जास्त. शिवाय हलका ट्रायपॉड वाऱ्याने हलतो. त्यामुळे मधल्या दांड्याच्या आकड्याला पाठपिशवी टांगणे, पाय पसरून उंची कमी ठेवणे आणि मधला दांडा वर न काढणे या तीन साध्या गोष्टी महागड्या साहित्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. तांदूळ किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर स्कोप टेकवला तरी काम भागते.

सलीम अलींच्या हाती बंदूक कशी आली?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम या निपुत्रिक जोडप्याने भावंडांना गिरगावजवळच्या खेतवाडीत सांभाळले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलाला एअरगन भेट देणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सलीमलाही ती मिळाली. घराच्या आवारातील चिमण्या हे त्याचे पहिले लक्ष्य होते आणि मोठेपणी नामांकित शिकारी होण्याचे स्वप्न तो पाहत असे.

दहा-बारा वर्षांचा असताना त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी दिसत नव्हती. ती खाण्यास चालेल का, असा साधा घरगुती प्रश्न त्याने मामांना विचारला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी होती. मिलार्ड यांनी मुलाला केवळ नाव सांगून परत धाडले नाही. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी कशी सोलायची, भरायची, तिला चिठ्ठी कशी बांधायची हे शिकवण्याची सोय केली. पक्षिजगतातील ही सर्वांत गाजलेली कथा आहे. परंतु तिचा एक अर्थ सहसा सांगितला जात नाही. त्या दिवसाने मुलाची बंदूक सुटली नाही. बंदुकीला एक प्रश्न जोडला गेला, इतकेच. पाडलेला पक्षी कोणता, हे लिहून ठेवायचे असते, हे त्याला कळले.

पक्षी मारल्याशिवाय त्याची ओळख का पटत नसे?

विसाव्या शतकाच्या आरंभी हातातील पक्षी हाच पुरावा मानला जाई. दुर्बिणी कमी शक्तीच्या, जड आणि महाग होत्या. रंगीत चित्रांची हाती घेऊन फिरता येतील अशी पुस्तके जवळपास नव्हती. दोन जवळच्या जातींमधील फरक पंखाच्या लांबीत, चोचीच्या जाडीत किंवा शेपटीखालच्या एखाद्या पट्टीत असे. तो फांदीवरच्या पक्ष्यात दिसत नसे. त्यामुळे अभ्यासक छर्ऱ्याच्या बंदुकीने पक्षी पाडत, त्याचे मोजमाप घेत आणि तारीख-ठिकाणाची चिठ्ठी पायाला बांधून संग्रहालयात ठेवत.

येथे एक तांत्रिक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. हरीण-सांबरासारख्या मोठ्या जनावरासाठी रायफल वापरतात. तिच्यातून एकच गोळी जाते, म्हणून टेकू महत्त्वाचा. पक्ष्यासाठी वापरायच्या बंदुकीतून बारीक छर्रे पसरत जातात आणि नळी उडत्या पक्ष्यासोबत फिरवावी लागते. तिला टेकू लावला तर तो अडचणच करतो. म्हणजे पक्ष्यांच्या अभ्यासात टेकूचे युग आले ते बंदुकीसोबत नव्हे, दुर्बिणीसोबत. स्थिर उभे राहून, पक्षी जिवंत ठेवून, त्याच्याकडे पाहत राहणे ही वेगळीच रीत होती. ती सलीम अलींच्या आयुष्यात टप्प्याटप्प्याने येत गेली.

पदवी नसलेला माणूस पक्षितज्ज्ञ कसा झाला?

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पहिल्याच वर्षी गणिताने त्यांची पाठ धरली. १९१४ मध्ये ते बर्मामधील टव्हॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्राम खाणीच्या आणि इमारती लाकडाच्या व्यवसायात मदतीला गेले. तेथील जंगलात व्यवसायापेक्षा पक्ष्यांकडेच लक्ष अधिक होते. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी शिक्षण घेतले. सेंट झेवियर्समधील फादर ब्लाटर यांनी ओळखले की या तरुणाचा ओढा कुठे आहे. त्यांच्या आग्रहाने सकाळी व्यापार आणि नंतर प्राणिशास्त्र असा दुहेरी अभ्यास झाला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पुन्हा बर्मा, पुन्हा व्यवसाय आणि अखेर व्यवसायाचे दिवाळे, असा पुढचा काळ गेला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने झूऑलॉजिकल सर्व्हेतील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नोकरी लागली. काचेतील पक्ष्यांची माहिती देणाऱ्या या कामाने ते दोन वर्षांतच कंटाळले आणि १९२८ मध्ये रजा घेऊन जर्मनीला गेले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते शिकले. श्ट्रेझमान यांच्यासाठी पक्षी म्हणजे खणातील कातडी एवढेच नव्हते. पक्षी कसा जगतो, घरटे कसे बांधतो, कुठून कुठे जातो, हेही तितकेच शास्त्र होते. हेलिगोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालून सोडून देण्याचे तंत्र पाहिले. पक्षी पकडायचा, मोजायचा आणि उडू द्यायचा! मुंबईत शिकलेल्या पद्धतीला हा मोठा छेद होता.

किहीममध्ये नेमके काय घडले?

१९३० मध्ये परत आल्यावर कळले की पैशाअभावी संग्रहालयातील पद रद्द झाले आहे. बेकार नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. मराठी मुलखात सुगरणीचा खोपा कोणाला माहीत नाही? पण तो कोण बांधतो आणि कशासाठी, याचा बारकाईने छडा कोणी लावलेला नव्हता.

पावसाळ्याचे महिने सलीम अलींनी त्या घरट्यांसमोर बसून काढले. त्यांना दिसले की नर एकटाच खोपा विणायला घेतो आणि अर्ध्यावर थांबतो. माद्या येतात, अर्धवट खोप्यांची पाहणी करतात आणि पसंत पडेल तो निवडतात. मग नर तो पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की तोच नर दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकामागून एक संसार थाटण्याची ही पद्धत त्यांनी तपशिलाने मांडली आणि बीएनएचएसच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. पुढे याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

हा निष्कर्ष बंदुकीने निघाला नसता. मेलेल्या नराच्या कातडीवरून त्याने किती खोपे विणले हे कळत नाही. नोकरी गेल्याने मिळालेला रिकामा वेळ आणि एका जागी स्थिर बसण्याची तयारी, एवढेच त्यांचे भांडवल होते.

मग त्यांनी बंदूक सोडून दिली का?

नाही. उपजीविकेसाठी त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. संस्थानाने प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च करावा, आपण विनामोबदला तेथील पक्ष्यांची पाहणी करू. १९३१-३२ मध्ये हैदराबाद, त्यानंतर त्रावणकोर-कोचीन आणि पुढे इतर प्रदेश, अशा या पाहण्या झाल्या. तेहमिना सोबत असत. तळ उभारणे, नोंदी आणि लिखाणाची भाषा यांत त्यांचा मोठा वाटा होता. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अचानक निधन झाले. तो आघात मोठा होता. त्यानंतर सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही.

या पाहण्यांमध्ये नमुन्यासाठी पक्षी मारले जात. शास्त्रासाठी मोजके नमुने घेतल्याने एखादी जात संपत नाही, जंगल आणि पाणथळ संपल्याने संपते, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. प्राणी वाचवण्याकडे ते भूतदयेच्या भावनेतून पाहत नसत. त्यांचा भर उपयोग, शास्त्र आणि सौंदर्य यांवर होता. म्हणूनच बंदूक टाकून संत झालेला शिकारी, असे त्यांचे चित्र रंगवणे चुकीचे ठरेल.

पुस्तकाने कोणता फरक पडला?

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. पानापानावर रंगीत चित्र, समोर थोडक्यात खुणा. आकार इंचांऐवजी ओळखीच्या पक्ष्यांच्या तुलनेत दिलेला : चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा मोठा, मैनेएवढा. ही युक्ती शाळकरी मुलालाही कळणारी होती. पक्षी हातात न घेता त्याचे नाव सांगता येईल, याची सोय या पुस्तकाने सामान्य भारतीयाला करून दिली. बंदुकीची गरज युक्तिवादाने कमी झाली नाही, ती चांगल्या चित्रांनी आणि सोप्या वर्णनांनी कमी केली.

पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. दरम्यान १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसचा पक्षी-स्थलांतर अभ्यास सुरू झाला होता. हेलिगोलँडला पाहिलेली कडी आता भारतीय पक्ष्यांच्या पायात घातली जाऊ लागली. पक्षी इजा न होता पकडण्यासाठी बिहारच्या मीरशिकार समाजातील पिढीजात पारध्यांचे कसब उपयोगी पडले. शिकारीचे ज्ञान शास्त्राच्या कामी आले, फक्त शेवट बदलला.

कामापलीकडे त्यांचे एक वेड होते, ते मोटारसायकलींचे. बर्मात असतानाच लागलेले हे वेड हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, सनबीम अशा गाड्या फिरवत टिकून राहिले. १९५० मध्ये स्वीडनमधील पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम जहाजाने युरोपात नेली आणि तेथील रस्त्यांवर चालवली.

मेलेला पक्षी खोटे बोलू शकतो का?

या प्रश्नाचे उत्तर थेट शहापूरपर्यंत येते. रानपिंगळा हा सागवानी पानझडी जंगलातील छोटा पिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशातून काही नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. सगळ्यात अलीकडचा पुरावा म्हणून एक नमुना मानला जाई : ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचा दावा केलेला. हेच माइनर्ट्‌झहॅगन १९३७ मध्ये सलीम अलींसोबत अफगाणिस्तानातील पक्षी-पाहणीत होते.

सलीम अली आणि रिप्ली यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. सलीम अलींच्या निधनानंतर दहा वर्षांनी कारण उलगडू लागले. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले तेव्हा आढळले की मांडवीचा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून पुढे केलेला होता. या बनावट नोंदीमुळे शोधणाऱ्यांचे लक्ष चुकीच्या जागी जात होते. ती नोंद बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहादाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला दिसला. त्याला कोणी मारले नाही. त्याचे चित्रण करण्यात आले आणि तेच पुरावा ठरले.

शंभर वर्षे नमुना हा अंतिम पुरावा मानला गेला होता. येथे नमुन्यानेच फसवले आणि स्थिर नजरेने खरे दाखवले. सलीम अलींनी किहीममध्ये वापरलेली रीत त्यांनी स्वतः जपलेल्या जुन्या रीतीपेक्षा अधिक भरवशाची निघाली.

२०१४ मध्ये हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात आढळला. सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात, तो असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेल्या या सागवानी रानाचे महत्त्व त्यामुळे एकदम वाढले.

भरतपूरचा धडा शहापूर-मुरबाडला का लागू होतो?

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा हे संस्थानी शिकारीचे मैदान होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोगाने तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ आटवून शेती करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा सलीम अलींनी आपले वजन वापरून ती वाचवली. हे त्यांचे मोठे काम.

परंतु १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरे चारण्यास बंदी आली. गुरांना आत येऊ देऊ नये, असे मत असणाऱ्यांत सलीम अलीही होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मरण पावले. पुढे बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. गावकऱ्यांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते शास्त्राला सिद्ध करायला वर्षे लागली.

सलीम अलींच्या हयातीतच याच्या उलट बाजूचे उदाहरणही घडले. १९०० नंतर न दिसलेला जेर्डनचा धाविक पक्षी जानेवारी १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात पुन्हा सापडला, तो तेथील एका स्थानिक पारध्याच्या मदतीने. शास्त्रज्ञांकडे उपकरणे होती, पक्षी कुठे आणि कोणत्या वेळी फिरतो याचे ज्ञान त्या पारध्याकडे होते.

शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवरील कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली समाजांकडे असे ज्ञान आजही आहे. कोणत्या उंबरावर हरियल येतात, कोणत्या ढोलीत पिंगळा बसतो, हे गुरे राखणाऱ्या मुलाला माहीत असते. त्याच मुलाच्या गळ्यात गलोलही असते. त्याच्याकडे केवळ गुन्हेगार म्हणून पाहायचे की वाटाड्या म्हणून, यावर या जंगलाचे पुढचे बरेच काही ठरणार आहे. गलोल खेळणाऱ्या एका मुलाला मिलार्ड भेटले नसते आणि फक्त रागावणारा कोणी भेटला असता, तर भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता. सलीमच्या हातात गलोलीऐवजी एअरगन होती, एवढाच फरक.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्यानुसार शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, पकडणे, हाकारा करून पिटाळणे, घरटी मोडणे आणि अंडी काढणे हेही शिकारीत मोडते. काही एअरगन परवान्याशिवाय मिळतात, म्हणून तिने पक्षी मारण्याची मुभा मिळत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत वन खात्याच्या परवानगीची स्वतंत्र तरतूद आहे. परवानगीवाचून केलेली कृती गुन्हाच ठरते. त्यामुळे परदेशात शिकाऱ्यांसाठी विकले जाणारे हलके बायपॉड आणि ट्रायपॉड भारतात नेमबाजीच्या खेळात, कॅमेऱ्याखाली किंवा स्कोपखालीच शोभतात.

स्कोप आणि ट्रायपॉड असला म्हणजे सगळे माफ, असेही नाही. घरट्याजवळ ट्रायपॉड रोवून तासन्‌तास बसणे, मोबाइलवर आवाज वाजवून पिंगळ्याला बोलावणे, चांगल्या छायाचित्रासाठी फांद्या तोडणे यांनी पक्ष्याचे नुकसानच होते. लांबून पाहता यावे यासाठीच स्कोप असतो. तो घेऊन जवळ जाण्यात अर्थ नाही. अभयारण्यात जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घेणे आणि गावातील वाटाड्याला योग्य मोबदला देऊन सोबत नेणे हे दोन्ही आवश्यक आहे.

अखेरची वर्षे कशी होती?

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास मिळालेले ५० हजार डॉलरचे गेटी पारितोषिक आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व, असे सन्मान उतारवयात आले. पारितोषिकाचे पैसे त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या कामाला दिले. केरळमधील सायलेंट व्हॅली वाचवण्याच्या प्रयत्नांतही ते होते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी ती पडलेली चिमणी ठेवली. १९८७ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

नव्वद वर्षांच्या या प्रवासात साधने बदलत गेली : एअरगन, छर्ऱ्याची बंदूक, दुर्बीण, कडी, जाळी. त्यांच्या पश्चात स्कोप आणि कार्बन फायबरचे ट्रायपॉड सर्रास आले. या सगळ्यांत टिकली ती पाहिलेले लगेच लिहून ठेवण्याची सवय. ट्रायपॉड परवडत नसेल तर मित्रांमध्ये मिळून एक घेता येतो, किंवा तांदळाच्या पिशवीवर भागवता येते. पण तानशाच्या रानात दिसलेल्या पिंगळ्याची तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि दाखवणाऱ्या गावकऱ्याचा उल्लेख वहीत नसेल, तर कितीही स्थिर दुर्बिणीतून पाहिलेले शास्त्राच्या उपयोगी पडत नाही.